मोबाईल पिशवीत, डोळे खिडकीबाहेर



परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि बार्शीटाकळीत घरोघरी लग्नपत्रिका येऊ लागल्या. कुणाला निकाहसाठी बाळापूरला जायचे आहे, कुणाला वलीम्यासाठी अचलपूरला. कुणी मुलांना घेऊन छत्रपती संभाजीनगर आणि खुलताबाद दाखवायला निघणार आहे. क्रूझर सांगायची की एसटीने जायचे, डबा घरून न्यायचा की वाटेत थांबायचे, दादींना पुढे बसवायचे की मधल्या सीटवर, अशी सगळी चर्चा आपण करतो. एका गोष्टीची चर्चा मात्र होत नाही, कारण तिचा निर्णय आधीच झालेला असतो. मुले कुरकुरू लागली की हातात मोबाईल द्यायचा, एवढे ठरलेलेच असते.

या वेळी त्या निर्णयाबद्दलच बोलू या.

मोबाईलच्या नावाने बोटे मोडणे हा आमचा हेतू नाही. मे महिन्याचे ऊन, गाडीत दहा माणसे, मांडीवर रडणारे मूल आणि अजून दीडशे किलोमीटर बाकी, अशा वेळी आईने काय करावे, हे दुरून सांगणे सोपे असते. मोबाईल दिला की मूल गप्प होते, हे खरेच आहे. पण गप्प झालेले मूल गाडीत असूनही प्रवासात नसते. बाळापूर गेले, खामगाव गेले, शेजारी बसलेल्या दादींनी दोनदा काही सांगायला तोंड उघडले आणि मिटले, यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या मते खरा तोटा इथे आहे. घरात दादी, अब्बा, अम्मी, फुफी आणि मुले चार-पाच तास एका जागी बसतात असे वर्षातून किती वेळा घडते? अब्बांचे दुकान, अम्मीचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि शिकवणी यात दिवस जातो. सगळ्यांना एकत्र बसायला लावते ती गाडीच. दादी सत्तरीला आल्या असतील, तर असे किती प्रवास त्यांच्यासोबत उरले आहेत हे अल्लाहलाच ठाऊक. ते तास कार्टून आणि रील्सना देऊन टाकण्याआधी क्षणभर थांबावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तब्येतीची बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एका तासापेक्षा जास्त नको. चार तासांच्या प्रवासात हा हिशेब कसा मोडतो ते आपण जाणतोच. शिवाय गाडी लागण्याचा त्रास लहानपणी जास्त असतो. मान खाली घालून पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाचे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतो आहोत. या गोंधळात पोट ढवळते. दूरवर, रस्त्याच्या टोकाकडे पाहणाऱ्या मुलाला हा त्रास कमी होतो. म्हणून खिडकी हा आधी उपचार आणि मग करमणूक.

आदल्या रात्रीची तयारी

मुलाला नुसते ‘बाहेर बघ’ म्हटले तर ते दोन मिनिटे बघेल आणि विचारेल, “काय बघू?” त्याचे उत्तर आदल्या रात्रीच तयार ठेवायचे. वहीचे पान उभे कापून लांब पट्टी करावी. खाली आपले गाव, वर जिथे जायचे ते गाव आणि मध्ये वाटेतली गावे, नद्या व रेल्वे फाटके क्रमाने लिहावीत. प्रत्येकापुढे एक चौकोन काढावा. ठिकाण आले की मुलाने पेन्सिलीने खूण करायची. लिहिता न येणाऱ्या मुलासाठी चित्रे काढावीत: बैलजोडी, मिनार, पाण्याची टाकी, ट्रॅक्टर, मेंढ्यांचा कळप.

बार्शीटाकळीहून छत्रपती संभाजीनगरची पट्टी करायची तर अकोला, बाळापूर, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना अशी गावे येतील. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. “कधी येणार?” हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येतो. पट्टी हातात असली की मूल स्वतःच बघून सांगते, “अजून तीन चौकोन.”

मोठ्या मुलांच्या पट्टीवर प्रत्येक गावापुढे एक गोष्ट लिहून द्यावी. सुरुवात आपल्याच गावापासून करता येते. बार्शीटाकळीच्या जुन्या दगडी देवळात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. आपण रोज ज्या गावात भाजी घेतो ते साडेआठशे वर्षांपूर्वीही गाव होते, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. त्याचा पहिला प्रश्न असेल, “तेव्हा आपलं घर कुठं होतं?”

बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब इस्माईल खानाने १७५७ मध्ये पूर्ण केला, असे सांगतात. इथे मुलाला एक कोडे घालून ठेवावे: “याच आझमशहाचं नाव आज संध्याकाळी आपल्याला आणखी एका इमारतीपाशी ऐकू येणार आहे. ती कोणती?” उत्तर बीबी का मकबरा. ती आझमशहाच्या आईची, दिलरस बानू बेगमची कबर. सकाळचे कोडे संध्याकाळी सुटणार असेल तर मधला सगळा रस्ता मूल जागे राहते.

अमरावतीच्या बाजूला जायचे असेल तर त्याही पट्टीवर लिहायला पुष्कळ आहे. मूर्तिजापूर आले की शकुंतला रेल्वेची गोष्ट सांगावी. वऱ्हाडाचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली ती अरुंद रुळांची लाईन. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला जायचा, दुसरा यवतमाळला. १९९४ पर्यंत या गाडीला कोळशाचे इंजिन होते. घरातल्या कुणी ना कुणी तिच्यातून प्रवास केलेलाच असतो, आणि मुलांना ती गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडते.

याच अकोला-अमरावती मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सातवी-आठवीच्या मुलाला विचारावे, तासाला किती मीटर झाले? उत्तर साधारण ७१० मीटर. ताशी साठच्या वेगाने जाणारी आपली गाडी तेवढे अंतर ४३ सेकंदांत कापते.

हे पाणी कुठे जाते?

आमच्या घरात मुलांना सगळ्यात जास्त आवडलेला खेळ नद्यांचा आहे. प्रत्येक पुलावर एकच प्रश्न: हे पाणी कोणत्या समुद्राला मिळणार?

आपल्या गावची विद्रूपा, अकोल्याची मोर्णा, बाळापूरच्या मन आणि म्हैस, महानच्या धरणातली आणि अकोलेकरांच्या नळाला येणारी काटेपूर्णा, या सगळ्यांचे पाणी पूर्णेत जाते. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणून खामगावपर्यंत प्रत्येक पुलाचे उत्तर एकच, ‘अरबी समुद्र’. मुले पाठ झाल्यासारखी ओरडू लागतात.

खामगाव सोडून चिखलीकडे निघालो की रस्ता चढू लागतो आणि पूर्णेचे सपाट काळे खोरे मागे पडते. चिखलीच्या अलीकडेच उत्तर बदलते. पैनगंगा, खडकपूर्णा, जालन्याची कुंडलिका या नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे एकाच सकाळी आपण दोन समुद्रांची हद्द ओलांडतो. त्यात आणखी एक गंमत आहे. खडकपूर्णेचे पाणी ज्या नदीतून गोदावरीला जाते तिचेही नाव पूर्णाच. एक पूर्णा तापीची, दुसरी गोदावरीची. ही चकवणारी जोडी मुले पाहुण्यांना पोहोचल्या पोहोचल्या विचारतात आणि मोठी माणसे चुकली की खूश होतात.

बिनखर्चाचे खेळ

गावांच्या भेंड्या: गावाच्या नावाच्या शेवटच्या अक्षराने पुढचे गाव सांगायचे. अकोला, लोणार, रिसोड, डोणगाव, वाशीम, मालेगाव, वरूड अशी साखळी चालते. आपल्या गावाचे नाव या खेळात हुकुमाचा एक्का आहे. बार्शीटाकळी म्हटले की पुढच्याने ‘ळ’ वरून गाव आणायचे कुठून? मग भांडण होते. ‘ळ’ चा ‘ल’ करावा असे एका बाजूचे म्हणणे, करू नये असे दुसरीचे. मोठ्यांनी मध्ये पडू नये. नियम मुलांनीच ठरवू द्यावा आणि एकदा ठरला की तो सगळ्यांनी पाळावा.

बैतबाजी: उर्दू शाळेत जाणाऱ्या मुलांना ही ठाऊकच असते. एकाचा शेर ज्या अक्षरावर संपतो त्या अक्षराने दुसऱ्याने शेर सुरू करायचा. मराठी शाळेतली भावंडे मागे पडू नयेत म्हणून त्यांना कवितेची ओळ म्हणायची मुभा द्यावी. नानांचा या खेळात हात कुणी धरू शकत नाही, आणि नातवंडांना ते कळायला हवे.

एका वस्तूची तीन नावे: शेतात दिसेल त्याचे शाळेतल्या मराठीतले, घरच्या बोलीतले आणि उर्दूतले नाव सांगायचे. कापूस, पऱ्हाटी, कपास. बैलगाडी, बंडी, बैलगाड़ी. इथे तिसरे नाव पहिल्यासारखेच निघाले म्हणून गुण द्यायचा की नाही, यावर पुन्हा वाद. आपली मुले दोन-तीन भाषांत वाढतात. ती अडचण नसून श्रीमंती आहे, हे त्यांना खेळातून कळते.

नंबर प्लेट: एमएच ३० अकोला, २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३७ वाशीम, २१ जालना, २० छत्रपती संभाजीनगर, १९ जळगाव. प्रत्येकाने एक जिल्हा घ्यायचा आणि आपल्या जिल्ह्याच्या गाड्या मोजायच्या. जिल्ह्याची हद्द ओलांडली की जिंकणारा बदलतो. का बदलतो, हे मुलांनाच विचारावे.

दगडांचा हिशेब: मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारंगी असेल तर खेड्याकडे जाणारा ग्रामसडक योजनेचा रस्ता. मनगटी घड्याळ असलेल्या मुलाने एका दगडापासून पुढच्या किलोमीटरच्या दगडापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचे. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. आलेले उत्तर ड्रायव्हरच्या काट्याशी ताडून पाहायचे.

मुसाफिर कोण: प्रवासात नमाज कस्र होते हे मुले ऐकून असतात. मग त्यांनाच हिशेब करू द्यावा. हनफी मसलकात हे अंतर साधारण ७७-७८ किलोमीटर धरतात. तर अकोल्याला जाणारा मुसाफिर झाला का? नाही. बाळापूरला जाणारा? नाही. अचलपूरला, अमरावतीला जाणारा? हो. चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात, फजर आणि मगरिब आहेत तशाच राहतात. मग आज जोहर, असर, मगरिब आणि इशा मिळून फर्ज रकाती किती? दोन, दोन, तीन, दोन, म्हणजे नऊ. बारीकसारीक प्रश्न निघाले तर वहीत लिहून ठेवावेत आणि परतल्यावर मशिदीतल्या मौलानांना विचारावेत. निघताना सफरची दुआ घरातल्या सगळ्यात लहान बोलत्या मुलाकडून म्हणवून घ्यावी. त्या दिवशी प्रवास त्याने सुरू केलेला असतो.

दादींची पाळी

हे सगळे खेळ एक-दीड तास चालतात. मग मुले थकतात, गाडी शांत होते. ही वेळ दादी-नानींची.

मोठ्या मुला-मुलीला आधीच सांगून ठेवावे की वाटेत दादींना तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरे वहीत लिहायची. ‘गोष्ट सांगा’ म्हटले तर दादी म्हणतात, “मला काय येतंय बेटा!” प्रश्न नेमका असला की मात्र बोलत्या होतात. तुमच्या निकाहची वरात कशाने आली होती, बंडीने की मोटारीने? तुम्ही पहिल्यांदा रेल्वेत बसलात तेव्हा बार्शीटाकळीच्या स्टेशनवर कोणती गाडी होती? त्या काळी ही लाईन मीटरगेज होती, रूळ आजच्यापेक्षा अरुंद. तुमच्या अम्मी उन्हाळ्यात प्रवासाला निघताना सोबत काय बांधून द्यायच्या?

लग्नाला निघालो असू तर नात्यांचा खेळ तर हवाच. आपल्याकडे चाचा, ताया, फुफी, खाला, मामू अशी प्रत्येक नात्याला वेगळी हाक आहे, पण मुलांच्या तोंडी सगळे ‘अंकल-आंटी’ झाले आहेत. दादींनी विचारायचे: “नवरी तुझ्या अब्बांच्या फुफीची नात, मग तुझी कोण?” “जिने गेल्या ईदला तुला हिरवी ओढणी दिली ती कुणाची खाला?” पोहोचेपर्यंत मुलाला कळलेले असते की दारात उभे कोण असेल, कुणाला कोणत्या हाकेने सलाम करायचा आणि कुणाच्या घरी यंदा दुःख झाले आहे म्हणून तिथे दंगा करायचा नाही. सिलारहमी, नाती जोडून ठेवणे, आपण मुलांना तकरीरींतून ऐकवतो. नाव आणि नातेच ठाऊक नसेल तर मूल जोडणार कुणाशी?

लहानग्यांसाठी

दोन-तीन वर्षांच्या मुलाला भेंड्या कळत नाहीत. त्याच्यासाठी कापडी पिशवीत घरातल्याच पाच-सहा वस्तू ठेवाव्यात: स्टीलची वाटी आणि झाकण, रंगीत ओढणीचा तुकडा, मोठे लाकडी बटण घट्ट ओवलेली दोरी, जुनी पत्रिका फाडायला. एका वेळी एकच वस्तू काढायची. सगळी पिशवी एकदम ओतली तर खेळ दहा मिनिटांत संपतो.

खाऊही करमणूकच आहे, पण जपून. पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, धक्क्यात घशात अडकतात. शक्करपारे, बिया काढून तुकडे केलेला खजूर, मऊ पराठा बरा. मोठ्या दोघांत वाटणीवरून भांडण होत असेल तर जुनी युक्ती वापरावी: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे आपोआप सारखे होतात.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी आणि मुलांना पाच मिनिटे पळू द्यावे, रस्त्यापासून लांब, सावलीत. गाडीत मात्र बसणे नीट हवे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट असावी असे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा सांगतो. नाहीतर १००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या, पुढच्या सीटवर मांडीवर बसलेल्या मुलाला ब्रेक लागताच हात पुरत नाही. खेळ खिडकीबाहेर बघण्याचा आहे, हात किंवा डोके बाहेर काढण्याचा नव्हे. घाटात आणि गर्दीत ड्रायव्हरने ‘बस’ म्हटले की आवाज बंद, हा नियम निघतानाच सांगावा.

एसटीने जाणाऱ्यांनाही यातले बहुतेक सगळे जमते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्याने अनेक अम्मी मुलांना घेऊन एसटीनेच माहेरी जातात. तिथे फक्त आवाज बेताचा ठेवायचा. शेजारच्या सीटवरच्या मावशी थोड्या वेळाने स्वतःच भेंड्यांत सामील होतात, हा आमचा अनुभव आहे.

आधी मोठ्यांनी

मुलांचा मोबाईल पिशवीत गेला आणि अब्बा मागच्या सीटवर रील्स बघत बसले, तर वरचे एकही पान उपयोगाचे नाही. रस्ता आणि फोन यासाठी पुढच्या सीटवरचा एक मोबाईल चालू राहावा, बाकीचे एकाच पिशवीत जावेत, मोठ्यांचे आधी. मुले ते बघतात.

आणि तरीही एखादे मूल आजारी असेल, रात्रीचे तीन वाजले असतील, गाडी बंद पडून दोन तास रस्त्यावर काढावे लागत असतील, तर द्यावा मोबाईल. वीस मिनिटे दिला म्हणून आई वाईट ठरत नाही. फक्त किती वेळ ते आधी सांगावे आणि वेळ झाली की परत घ्यावा.

मूल मध्येच म्हणेल, “कंटाळा आला.” त्यावर लगेच काही काढून द्यायची गरज नाही. पाच मिनिटे कंटाळू द्यावे. बहुतेक वेळा ते स्वतःच काहीतरी शोधते, ढगात उंट दिसतो, किंवा दादींच्या मांडीवर डोके ठेवून झोपते.

प्रवासाची वही परतल्यावर फेकू नका. पट्टी तिच्यात चिकटवा, दादींची तीन उत्तरे आणि तारीख लिहा, आणि ती कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. पुढच्या सुट्टीत तीन नवे प्रश्न विचारायचे आहेत. तुमच्या घरी गाडीत कोणता खेळ चालतो, तोही या सदराकडे लिहून पाठवा. ‘ळ’ वरून सुरू होणारे गाव कुणाला सापडले तर तेही कळवा. आमच्या मुलांचा वाद अजून मिटलेला नाही.